ओझं चढतं की उतरतं? : पिकअपच्या इंजिनाचा हिशेब

मालवाहू गाड्यांची मराठी नावं टेम्पो स्टँडवर ठरतात, शब्दकोशात नंतर जातात. 'टेम्पो' हे मुळात हँबुर्गच्या एका जर्मन कारखान्याच्या गाड्यांचं व्यापारी नाव. १९५८ नंतर 'बजाज टेम्पो'ने त्या तीनचाकी इथे बनवायला घेतल्या आणि बघता बघता कुठलीही लहान मालगाडी म्हणजे टेम्पो झाली. २००५ मध्ये टाटा मोटर्सची 'एस' ही चिमुकली चारचाकी आली, तेव्हा लोकांनी तिचं इंग्रजी नाव बाजूला ठेवलं आणि तिला 'छोटा हत्ती' म्हणायला सुरुवात केली. या नावात एक तांत्रिक निरीक्षण दडलेलं आहे. गाडी छोटी आहे, पण ओझं मोठं उचलते. कशाच्या जोरावर? तर ७०२ सीसीच्या, दोन सिलिंडरच्या, जेमतेम १६ अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनाच्या. टाटांच्या 'इंडिका' मोटारीचं १४०५ सीसीचं इंजिन अर्धं करून ते घडवलं होतं. आज अनेक मोटारसायकलींची ताकदही याहून जास्त असते.

पुढे लहान मालगाड्यांची जातकुळी वाढली, पिकअप आले, आणि घेणाऱ्यापुढे एक प्रश्न उभा राहिला: इंजिन लहान घ्यावं की मोठं? २०१९ मध्ये टाटांनीच 'इंट्रा' ही गाडी आणली, ती दोन इंजिनांत. व्ही-१० ला ७९८ सीसी, दोन सिलिंडर आणि ४० अश्वशक्ती. व्ही-२० ला १३९६ सीसी, चार सिलिंडर आणि ७० अश्वशक्ती. अशी गाडी घेणारा बहुतेक वेळा स्वतःच चालक असतो आणि पैसे कर्जाचे असतात. निवड चुकली तर पुढची चार-पाच वर्षं ती चूक हप्त्यात आणि डिझेलच्या पावत्यांत दिसत राहते. सल्ला देणारे मात्र दोनच वाक्यं बोलतात. एक म्हणतो, "घाटात दम लागेल, मोठंच घे." दुसरा म्हणतो, "ॲव्हरेज बघ, लहानच बरं." दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण दोघांनीही मुख्य गोष्ट विचारलेली नसते. ती कोणती, ते कागद-पेन्सिल घेऊन तपासता येतं. त्यासाठी अभियांत्रिकीची पदवी लागत नाही, गुणाकार-भागाकार पुरतो.

सीसी म्हणजे ताकद नव्हे

आधी एक गैरसमज दूर करू. सीसी हे इंजिनाच्या पोटाचं माप आहे. सगळ्या सिलिंडरांत पिस्टन खालपासून वरपर्यंत जाताना जेवढी जागा व्यापतात, तिचं घनफळ. १००० सीसी म्हणजे एक लिटर. पोट मोठं असेल तर हवा जास्त मावते, हवा जास्त तर इंधन जास्त जाळता येतं. पण त्याच पोटात हवा दाबून भरली, किंवा ते मिनिटाला अधिक वेळा भरलं-रिकामं केलं, तरीही ताकद वाढते. महिंद्राच्या बोलेरो पिकअपचं बीएस-६ काळातलं इंजिन २५२३ सीसीचं आणि ७५ अश्वशक्तीच्या आसपासचं. टाटांच्या योद्धा पिकअपचं २१७९ सीसीचं आणि १०० अश्वशक्तीचं. पोट लहान, ताकद मोठी. यात कोणी फसवलेलं नाही. एकाने इंजिन आरामात चालवायचं ठरवलं, दुसऱ्याने त्याच्याकडून जास्त काम घ्यायचं ठरवलं, एवढंच.

म्हणून हिशेब अश्वशक्तीत करावा. मेट्रिक पद्धतीची एक अश्वशक्ती म्हणजे ७५ किलोचं ओझं एका सेकंदात एक मीटर उचलण्याची क्षमता. धट्टाकट्टा माणूस विहिरीतून सेकंदाला एक मीटर या गतीने वर ओढायचा, तर एक घोडा लागेल. आपल्याला पुढे एवढंच पुरे आहे.

घाटातलं गणित

समजा रस्त्याचा चढ १५ ला १ आहे. म्हणजे पंधरा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. सह्याद्रीतल्या घाटरस्त्याला हे माप फार वावगं नाही. भरलेल्या छोट्या हत्तीचं एकूण वजन साधारण १५५० किलो. या चढावर वजनाचा पंधरावा भाग, म्हणजे १०३ किलो, गाडीला मागे ओढतो. टायर आणि रस्ता यांच्या घर्षणासाठी वजनाचा दीड टक्का धरू, म्हणजे २३ किलो. एकूण ओढ १२६ किलो. इंजिनाच्या १६ अश्वशक्तीतली दोन गिअरबॉक्स आणि धुऱ्यात खर्च होते, उरल्या १४. चौदा गुणिले ७५, म्हणजे १०५०. त्याला १२६ ने भागलं की सेकंदाला ८.३ मीटर, ताशी ३० किलोमीटर. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवावा असा हा वेग आहे, पण गाडी चढते. थांबत नाही.

आता इंट्राचं बघू. एकूण वजन सोयीसाठी दोन्हींचं २२०० किलो धरू. ओढ १४७ अधिक ३३, म्हणजे १८० किलो. चाळीस अश्वशक्तीतल्या ३५ चाकापर्यंत पोहोचल्या, तर वेग येतो ताशी ५२ किलोमीटर. हवेचा विरोध धरला तर पन्नासच्या आत-बाहेर. सत्तर अश्वशक्तीचं इंजिन हवेचा विरोध सोसूनही हाच चढ पाऊणशेच्या पुढच्या वेगाने चढेल. कागदावर.

घाट मात्र कागदावर नसतो. वळणं, पुढचा ट्रक, दरडीची माती, एस.टी.ला दिलेली वाट यांत चाळीसचा वेग मिळाला तरी चालक समाधानी असतो. म्हणजे नियमात भरलेल्या गाडीला घाटात मोठ्या इंजिनाची जादा ताकद वापरायला रस्ताच मिळत नाही. नऊ किलोमीटरचा घाट चाळीसच्या वेगाने साडेतेरा मिनिटांत चढतो, आणि तो वेग लहान इंजिनही देतं. छोट्या हत्तीला अठरा मिनिटं लागतात. "घाटात दम लागेल" या वाक्याचा अर्थ एवढ्याने बराच बदलतो.

पण मग लहान इंजिनाची गाडी चढावर कासावीस का वाटते? त्याचं उत्तर गिअरमध्ये आहे. पहारीने दगड हलवणारा माणूस दगडापेक्षा बलवान नसतो. तो पहारीचं लांब टोक धरतो आणि त्याचा हात जास्त अंतर फिरतो. गिअर हीच पहार. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे पीळ, कितीही कमी असला तरी खालच्या गिअरमध्ये तो चाकाशी हवा तेवढा वाढवून मिळतो. किंमत वेगात मोजावी लागते. इंजिन ओरडतं, चालकाचा हात सतत गिअरवर, पाय क्लचवर. मोठ्या इंजिनाचा खरा फायदा इथे आहे: कमी फेऱ्यांवर भरपूर पीळ, गिअर कमी बदलावे लागतात, चढावर थांबून पुन्हा निघताना क्लच जळत नाही. दिवसाला पाच वेळा घाट करणाऱ्याच्या गुडघ्याला हा फरक कळतो. एक लक्षात ठेवावं. ओढ गिअर देऊ शकतो, वेळ देऊ शकत नाही. मोठं इंजिन घेणारा माणूस ओढीचे पैसे मोजतोय असं त्याला वाटतं, प्रत्यक्षात तो वेळेचे आणि आरामाचे पैसे मोजतो. ते मोजण्यात गैर काही नाही, फक्त माहीत असावं.

ओझं कोणत्या दिशेने जातं?

आता तो न विचारलेला प्रश्न. घाट आहे हे सगळे सांगतात. ओझं घेऊन घाट चढायचा आहे की उतरायचा, हे कोणी विचारत नाही.

नाशिकहून टोमॅटो, भाजी, द्राक्षं घेऊन वाशीच्या बाजारात जाणारा पिकअप समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवरून निघतो आणि खाडीकाठी पोहोचतो. कसाऱ्याचा घाट तो भरलेल्या गाडीने उतरतो आणि बहुधा रिकामा, नाहीतर अर्ध्या भाड्याने चढतो. नारायणगावचा टोमॅटो माळशेज घाटाने कल्याणकडे गेला तरी तेच. देशावरून मुंबईला जाणारा बहुतेक शेतमाल असा उतरत जातो. उलट रत्नागिरीचा आंबा आंबा घाटाने कोल्हापूरला निघाला, किंवा चिपळूणचा माल कुंभार्ली घाटाने कऱ्हाडला निघाला, की तो भरलेला चढतो. एकच सह्याद्री, एकच पिकअप. पण एकाला चढावरच्या इंजिनाची चिंता, दुसऱ्याला उतारावरच्या ब्रेकची. नाशिकच्या माणसाने घाटाच्या भीतीने मोठं इंजिन घेतलं तर त्याने रिकामी गाडी वर न्यायला ते घेतलं, असा त्याचा अर्थ होतो.

उताराचा हिशेब चढाच्या हिशेबापेक्षा जास्त बोलका आहे. खोपोली ते लोणावळा उंचीचा फरक सुमारे साडेपाचशे मीटर. २२०० किलोची गाडी तेवढी वर न्यायला जी ऊर्जा लागते, ती इंजिनातला तोटा धरून साधारण सव्वा लिटर डिझेलमध्ये मिळते. उंचीची किंमत एवढीच, आणि ती इंजिन लहान असो की मोठं, जवळपास सारखीच. पण गाडी उतरते तेव्हा ही उंची कुठेतरी जिरवावी लागते. टायरचं घर्षण आणि वारा मिळून तिच्यातला चौथा हिस्सा किंवा थोडा अधिक खातात. बाकीची ऊर्जा एवढी असते की तिच्यावर पंचवीस लिटरहून जास्त पाणी उकळेल. दोन घागरी पाण्याला आधण आणणारी ही उष्णता बारा-तेरा मिनिटांत ब्रेकच्या डिस्क आणि ड्रममध्ये ओतायची, की इंजिनाला वाटून घ्यायला लावायची, हे चालकाच्या हातात असतं. खालच्या गिअरमध्ये गाडी उतरवली तर चाकं इंजिनाला फिरवतात आणि इंजिन रोध करतं. या कामात मोठ्या पोटाचं इंजिन थोडं सरस ठरतं, कारण त्याचं स्वतःचं घर्षण जास्त असतं. लहान इंजिनाच्या गाडीत तोच परिणाम मिळवायला आणखी एक गिअर खाली यावं लागतं.

आणि याच ठिकाणी डिझेल वाचवायच्या नादात गाडी न्यूट्रल करून सोडण्याची सवय आहे. तिने डिझेलही वाचत नाही. गाडी गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की आजचं इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचं डिझेल इंजिन इंधन पूर्ण बंद करतं, कारण त्याला चाकंच फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये त्याला स्वतःला जिवंत ठेवायला डिझेल जाळावं लागतं. थोडं जास्त डिझेल जाळून दोन घागरींची आग एकट्या ब्रेकवर टाकायची, असा तो व्यवहार आहे. तापलेल्या ब्रेकचं पेडल शेवटच्या वळणावर दबतं, पण गाडी थांबत नाही.

उरलेला दिवस

घाट दिवसातून पंधरा मिनिटांचा. बाकीचे तास गाडी काय करते? १२०० किलोची रिकामी गाडी सपाटीवर ताशी पन्नासने चालवायला हवा आणि टायर मिळून साधारण सात अश्वशक्ती लागतात. फक्त सात. चाळीसच्या इंजिनाला हे काम सहाव्या हिश्शाचं, सत्तरच्या इंजिनाला दहाव्या हिश्शाचं. भरलेली गाडी महामार्गावर ऐंशीने चालवली तर पंचवीसच्या आसपास लागतात.

इंजिन फिरतं ठेवायलाच काही इंधन खर्च होतं: पिस्टनचं घर्षण, पंप, व्हॉल्व्ह. हा खर्च ढोबळमानाने पोटाच्या आकाराबरोबर वाढतो आणि काम असो-नसो, द्यावाच लागतो. चार माणसांच्या कामाला आठ मजूर लावले की उरलेल्या चौघांनाही जेवायला घालावं लागतं, तसं हे. म्हणून गल्लीबोळातून गॅस सिलिंडर, पाण्याचे जार, दूध पोचवणाऱ्या गाडीला लहान इंजिन परवडतं. तिचा दिवस सात-आठ अश्वशक्तीतच जातो. पण जो माणूस रोज तीनशे-चारशे किलोमीटर महामार्गावर भरलेली गाडी ऐंशीने पळवतो, त्याचं चाळीसचं इंजिन दिवसभर आपल्या क्षमतेच्या दोन तृतीयांशाजवळ राबतं. डिझेलच्या दृष्टीने ते चांगल्या टप्प्यात असतं, पण ओव्हरटेक करायला हाताशी फारसं काही उरत नाही, आणि झीज, तेल, कूलिंग यांची चूक त्याला खपत नाही. मोठ्या इंजिनाची खरी जागा ही: लांबचा, भरलेला, वेगाचा रस्ता. घाट नव्हे.

कर्जतचं जोडइंजिन

वर्षातल्या थोड्या तासांसाठी लागणारी ताकद वर्षभर वाहायची का, हा प्रश्न आपल्या घाटात फार जुना आहे. बोरघाटातून रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. तिचा चढ ३७ ला १, रस्त्याच्या मानाने सौम्य, पण गुळगुळीत रुळांवर तोही भारी. मुंबई-पुणे सगळ्या वाटेसाठी अवाढव्य इंजिन लावण्याऐवजी रेल्वेने कर्जतला मागून इंजिन जोडायचं, त्याने लोणावळ्यापर्यंत रेटायचं आणि तिथे सुटायचं, अशी रीत घातली. यालाच बँकर म्हणतात. कसारा-इगतपुरीलाही तेच. घाटापुरती ताकद घाटापुरतीच.

पिकअपला कर्जत स्टेशन नसतं, म्हणून अभियंत्यांनी बँकर गाडीतच बसवला. त्याचं नाव टर्बोचार्जर. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो, तो सिलिंडरात हवा दाबून भरतो. गरज लागली की लहान पोटाचं इंजिन मोठ्यासारखं वागतं, नसली की लहानासारखं.

या कल्पनेची सर्वांत मोठी परीक्षा अमेरिकेत झाली, जिथे पिकअप ही शेतकऱ्यापासून वकिलापर्यंत सगळ्यांची गाडी आहे आणि आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन ही जवळजवळ श्रद्धेची बाब. २०११ सालच्या एफ-१५० मध्ये फोर्डने ५ लिटरच्या व्ही-८ शेजारी साडेतीन लिटरचं, दोन टर्बोंचं सहा सिलिंडरी 'इकोबूस्ट' ठेवलं. ताकद ३६० विरुद्ध ३६५ अश्वशक्ती. पीळ मात्र लहान इंजिनाचा जास्त, ३८० विरुद्ध ४२० फूट-पौंड. सरकारी चाचणीत दोन चाकांना ताकद देणाऱ्या मॉडेलचे आकडे शहर-महामार्गासाठी गॅलनला १५-२१ मैल विरुद्ध १६-२२ मैल. दीड लिटर पोट कमी करून मिळाला एक मैल. शिवाय जड ट्रेलर जोडला की टर्बो सतत काम करतो, जास्त हवेबरोबर जास्त पेट्रोल जातं आणि तो एक मैलही उरत नाही. बँकर सोबत आणला तरी त्याला खायला घालावंच लागतं.

एका ठिकाणी मात्र टर्बोला तोड नाही, ते म्हणजे उंचावर. कोलोरॅडोतला आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्याही वर आहे, आणि तिथे जाणाऱ्या महामार्गाचा चढ सात टक्के. विरळ हवेत साधं इंजिन दर हजार मीटरला ढोबळमानाने दहा टक्के ताकद गमावतं, म्हणजे तिथे पोहोचेपर्यंत जवळपास तिसरा हिस्सा. टर्बोचं इंजिन हवा दाबूनच घेत असल्याने ते फारसं थकत नाही. लडाखला माल नेणाऱ्याने हे ध्यानात घ्यावं. आंबा घाटात हा फरक जाणवण्याइतका नाही.

मोठ्या इंजिनाचं खोटं आश्वासन

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. इंट्राच्या दोन मॉडेलांकडे पुन्हा बघा. ताकद ४० वरून ७० वर गेली, म्हणजे पाऊणपट वाढली. नियमाने भरायचा माल किती वाढला? एक टनावरून अकराशे किलो. कारण भारक्षमता ठरते चौकट, पाटे, धुरा, टायर आणि ब्रेक यांनी. इंजिन त्यात एक पाहुणा आहे. पण चालकाला पाटे बोलत नाहीत, ब्रेक बोलत नाहीत, इंजिन बोलतं. लहान इंजिनाच्या गाडीत दीडपट माल भरला की ती चढावर रडते आणि एक प्रकारे ताकीद देते. मोठं इंजिन तोच माल निमूट वर नेतं. ताकीद द्यायचं काम मग पलीकडच्या उतारावर ब्रेककडे जातं, आणि ब्रेक एकदाच बोलतो. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने जादा भाराला वीस हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार ठेवले आहेत. दंड चुकवता येतो असं मानणारे पुष्कळ असतील. दोन घागरींचं आधण चुकवता येत नाही, आणि माल दीडपट केला की घागरीही वाढतात.

तेव्हा गाडी बघायला जाण्याआधी एक आठवडा वहीत चार रकाने आखावेत. रोजचे किलोमीटर किती, त्यांतले भरलेले किती, त्यांतले साठच्या पुढच्या वेगाचे किती, आणि भरलेली गाडी घाट चढली की उतरली. स्वतःची गाडी नसेल तर ज्याच्यासाठी माल वाहायचा त्याच्याच फेऱ्या मांडाव्यात. दुसरा आणि तिसरा रकाना जड निघाला तर मोठं इंजिन पैसे फेडेल. भरून चढणं रोजचं असेल, तर क्लच आणि गुडघ्यांसाठी ते विचारात घ्यावं. भरून उतरणं रोजचं असेल, तर इंजिनात घालायचे पैसे वेळच्या वेळी ब्रेक लायनिंग, ब्रेक ऑइल आणि टायर यांत घालावेत. आणि बहुतेक फेऱ्या गावातल्या, अर्ध्या रिकाम्या निघाल्या, तर छोटा हत्ती वीस वर्षांपूर्वी ज्या हिशेबावर उभा राहिला, तो अजून चुकलेला नाही.